पानाला ऊन किती? कोकणातल्या वाडीत उजेड मोजायचा आणि द्यायचा कसा

ऑक्टोबर उजाडला की पाऊस ओसरतो, आभाळ एकदम धुऊन निघाल्यासारखे होते. मग रोपवाटिकेतली आंब्याची कलमे, मिरीचे वेल, जायफळाची रोपे 'आता उघडीप झाली' म्हणून सावलीच्या नेटबाहेर काढली जातात. तिसऱ्या दिवशी वरची पाने पांढरट दिसतात, पाचव्या दिवशी तपकिरी आणि कागदासारखी चुरचुरीत. कुणी पाणी वाढवतो, कुणी बुरशीनाशक मारतो. रोग नसतोच, पाणीही पुरेसे असते. चार महिने मळभाखाली घडलेल्या पानावर निरभ्र आभाळाचे ऊन एका दिवसात पडलेले असते.

पान ज्या उजेडात घडते, त्याच उजेडाचे होऊन बसते. त्याची जाडी, त्यातले हरितद्रव्य, अतिनील किरण अडवणारा थर, सगळे त्या मापाने बेतलेले असते. त्यामुळे ऊन किती आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते किती दिवसांत बदलले हेही. दोन्ही गोष्टी मोजता येतात आणि त्यासाठी मोठा खर्च लागत नाही.

पान नेमके काय घेते

भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. त्यातली साधारण निम्मी अवरक्त, म्हणजे आपल्याला नुसती उष्णता म्हणून जाणवणारी. साधारण ४५ टक्के दृश्य प्रकाश, आणि ५ टक्क्यांच्या आसपास अतिनील. प्रकाशसंश्लेषण चालते ते मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर.

हरितद्रव्याचे दोन प्रकार असतात, 'अ' आणि 'ब'. द्रावणात काढून मोजले तर 'अ' हे ४३० आणि ६६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त प्रकाश शोषते, 'ब' हे ४५० आणि ६४०च्या आसपास. म्हणजे निळा-जांभळा आणि लाल. कॅरोटिनॉइड ही पिवळी-नारिंगी द्रव्ये ४०० ते ५००मधला निळा प्रकाश पकडून हरितद्रव्याच्या हवाली करतात. 'पान हिरवे दिसते म्हणजे हिरवा प्रकाश पानाच्या कामाचा नाही' असे सर्रास सांगितले जाते, ते चूक आहे. जाड, गर्द पान हिरव्यातलाही बहुतेक प्रकाश शोषते. परत फेकला जाणारा थोडासा भाग आपल्या डोळ्याला दिसतो, इतकेच. शिवाय लाल-निळा वरच्या पेशींतच संपतो, तर हिरवा पानात खोलवर उतरतो.

निळ्या प्रकाशकणात लालपेक्षा जास्त ऊर्जा असते, पण ती जास्तीची ऊर्जा क्षणात उष्णता होऊन जाते. पानाच्या हिशोबात निळा कण आणि लाल कण यांचे मोल जवळपास एकच. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू साखरेच्या वाटेला लावायला असे आठ ते दहा कण खर्ची पडतात. म्हणून झाडासाठी उजेड मोजताना वॅटपेक्षा कण मोजतात, आणि त्याचे एकक मायक्रोमोल, म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड संख्या. भर उन्हात दर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल येतात. आंबा, मिरची, सुपारी यांचे एकेक पान ५०० ते १००० मायक्रोमोलला तृप्त होते. वरचे सगळे त्याला उष्णता म्हणून टाकून द्यावे लागते. ते टाकण्याची सोय पुरी पडली नाही की प्रकाश पकडणारी यंत्रणाच मोडू लागते. ऑक्टोबरातली ती पांढरी पाने म्हणजे हीच मोडतोड.

डोळ्यांनी पाहायचे असेल तर

हा प्रयोग शाळकरी वाटेल, पण शोषलेली ऊर्जा जाते कुठे हे याच्याइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही. पालकाची दहा ग्रॅम पाने घ्या. देठ काढा, उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाका आणि फडक्यात दाबून अगदी कोरडी करा. खलबत्त्यात वाटा. वर २५ मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल ओता. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ते मिळते. औषधाच्या दुकानातले सर्जिकल स्पिरिट चालते, पण त्यात पाणी असल्याने रंग कमी उतरतो. पातेल्यात पाणी गरम करा, गॅस पूर्ण बंद करा, पातेले ओट्यावरून दूर न्या आणि मगच त्यात अल्कोहोलची बाटली झाकण सैल ठेवून दहा मिनिटे उभी करा. अल्कोहोलची वाफ आग पकडते, तेव्हा जवळ निरांजनसुद्धा नको. पातळ सुती कापडातून दोनदा गाळा.

आता खोली अंधारी करा आणि बाटलीवर बाजूने ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारा. हिरवे द्रावण रक्तासारखे लाल चमकते. पानात हीच ऊर्जा पुढच्या यंत्रणेला दिली जाते. इथे ती यंत्रणाच नाही, म्हणून हरितद्रव्य ती लाल प्रकाश म्हणून परत टाकते. जिवंत पानावर तोच टॉर्च मारला तर जेमतेम लालसर छटा दिसते, कारण तिथे शोषलेल्या प्रकाशातला एक-दोन टक्केच असा वाया जातो.

लाल चमक दिसली नाही तर आधी द्रावण पातळ करा. फार दाट द्रावण स्वतःचीच चमक गिळते. आरपार दिसेल इतपत अल्कोहोल वाढवा. स्वस्त टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात, त्यांचा जांभळा उजेड चमक झाकतो. डोळा आणि बाटली यांच्यामध्ये लाल जिलेटिन कागद धरला की काम होते. टॉर्चमध्ये थेट पाहू नका. द्रावण हिरवे न राहता शेवाळी-तपकिरी झाले असेल तर कुठून तरी आंबट लागले आहे. अळूच्या फदफद्यात चिंच पडली की रंग उतरतो ना, तेच: आम्लामुळे हरितद्रव्याच्या मधोमध बसलेले मॅग्नेशियम निघून जाते.

मॅग्नेशियमवरून एक गोष्ट वाडीवाल्यांनी लक्षात ठेवावी. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात पावसाळ्यात विद्राव्य क्षार वाहून जातात. नारळाच्या जुन्या, खालच्या झावळ्या टोकाकडून पिवळ्या पडू लागल्या तर भरपूर ऊन असूनही ते पकडणारे द्रव्यच कमी पडत असते. दर माडाला वर्षाला ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, पावसाचा जोर ओसरल्यावर आळ्यात मिसळून द्यावे.

अतिनीलचे काय

अतिनीलचे झाडाच्या दृष्टीने दोन भाग. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा 'अ' पट्टा सौम्य आणि प्रमाणाने जास्त. त्यातल्या वरच्या टोकाचा प्रकाश थोडेफार प्रकाशसंश्लेषणही घडवतो आणि निळ्या प्रकाशाबरोबर रोपाला दिशा व ठेंगणेपणाचा इशारा देतो. २८० ते ३१५चा 'ब' पट्टा जमिनीवर फारच थोडा पोचतो, पण त्याचा प्रत्येक कण जास्त ऊर्जेचा. तो डीएनएला आणि प्रथिनांना इजा करतो. वनस्पती त्याच्याकडे अन्न म्हणून पाहत नाहीत, सूचना म्हणून घेतात. यूव्हीआर-८ नावाचे प्रथिन हा पट्टा ओळखते, हे २०११ साली सिद्ध झाले. ते जागे झाले की पानाच्या वरच्या पापुद्र्यात फ्लेव्होनॉइड द्रव्ये साठू लागतात. ती दृश्य प्रकाश आत सोडतात आणि अतिनील अडवतात. हा लेप चढायला काही दिवस जातात. रोप सरावायला दोन आठवडे का द्यायचे, त्याचे कारण हे.

हापूसची नवी पालवी तांबूस असते तीही याच गोष्टीचा भाग. कोवळ्या पानात प्रकाश वापरायची यंत्रणा अजून उभी राहिलेली नसते, म्हणून अँथोसायनिनचा तांबडा पडदा मध्ये असतो. पान जून झाले की पडदा उतरतो. पावसाळी कोय कलमे याच तांबूस वयात, जुलै-ऑगस्टमध्ये बांधतात. ती थेट उन्हात ठेवू नयेत याला हेही एक कारण आहे.

खिडकीची काच 'ब' पट्टा जवळजवळ पूर्ण अडवते. पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा तर बहुतेक सगळे अतिनील अडवतो. म्हणून पडवीत अशा पत्र्याखाली लख्ख उजेडात वाढलेले रोपही बाहेर काढल्यावर भाजते. उजेड होता, सराव नव्हता.

मोजायचे कसे

मोबाइलवर लक्समीटरचे कुठलेही अॅप चालते. लक्स म्हणजे डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचे माप. प्रकाशाचा संवेदक पुढच्या कॅमेऱ्याशेजारी असतो. फोन पानांच्या उंचीवर, काच वर करून, अगदी आडवा धरा आणि आपली सावली पडणार नाही अशा बाजूला उभे राहा. उन्हात लक्सच्या आकड्याला ५४ने भागले की मायक्रोमोल मिळतात. भर दुपारी स्वच्छ उन्हात १ लाखाच्या आसपास लक्स यायला हवेत. बरेच फोन तीस-चाळीस हजारांवर अडकतात. तसे झाले तर संवेदकावर पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवा. आधी सावलीत कागदाशिवाय आणि कागदासह मोजा. समजा २०,००० आणि ५,००० आले, तर तुमचा गुणक ४. मग उन्हात कागदासह आलेल्या आकड्याला ४ने गुणायचे.

एकदाच मोजून काही कळत नाही. रत्नागिरीत सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबाराच्या सुमारास, बाराला नाही; म्हणून साडेआठ, साडेदहा, साडेबारा, अडीच आणि साडेचार अशा पाच वेळा घ्या. त्यांची सरासरी काढा, १० तासांनी गुणा आणि १५,०००ने भागा. आलेला आकडा म्हणजे त्या जागेचा दर चौरस मीटरचा दिवसाचा उजेड, मोलमध्ये (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). उदाहरणार्थ नेटखाली १२, ३०, ४५, ३५ आणि १५ हजार लक्स आले. सरासरी २७,४००. गुणिले १०, भागिले १५,०००, म्हणजे सुमारे १८ मोल.

एप्रिलच्या निरभ्र दिवशी उघड्यावर ४५च्या वर आकडा जातो. जुलैच्या झडीत त्याच जागी २०च्या खाली, एखाद्या काळोख्या दिवशी १०च्याही खाली. माठ, मुळा, पालक यांना १२ ते १७ पुरतात. मिरची, वांगी, टोमॅटो २०च्या खाली उंच वाढतात, फळ कमी धरतात. सावलीतली शोभेची पानझाडे ४ ते ८वर सुखी.

नेट आणि प्लास्टिक

समजा रोपांना २० मोल हवेत आणि उघड्यावर ४६ आहेत. म्हणजे सुमारे ५७ टक्के कमी करायचे. बाजारात ३५, ५०, ७५ आणि ९० टक्क्यांच्या नेट मिळतात, त्यातली ५० घ्यावी. ७५ची 'जरा जास्त थंड' म्हणून घेतात आणि मग रोपे काडीसारखी लांब होतात. लेबलवर विसंबू नका. एका मिनिटाच्या आत नेटखाली आणि बाहेर मोजून प्रमाण काढा. रंगात निवड असेल तर काळी किंवा पांढरी घ्यावी. काळी सगळे रंग सारखेच कमी करते, पांढरी उजेड पसरवते. हिरवी नेट डोळ्याला बरी दिसते, पण पानाला लागणारा लाल-निळाच ती जास्त अडवते. नेट डोक्यापासून चांगली वर, अडीच ते तीन मीटरवर बांधा, नाहीतर खाली हवा कोंडते आणि पाने उन्हाने नव्हे, उकाड्याने कोमेजतात.

कोकणातली खरी चूक मात्र पावसाळ्यात होते. उन्हाळ्याची नेट जूननंतरही तशीच राहते. मळभ हीच तेव्हा नेट असते. तिच्याखाली आणखी ५० टक्के कापले तर रोपाला वाढीपुरती साखर बनत नाही. मृग बरसला की नेट गुंडाळून ठेवा आणि पाऊस अडवायला पारदर्शक प्लास्टिक चढवा. ते २०० मायक्रॉनचे, अतिनील-स्थिर केलेले हवे. साधे प्लास्टिक एका हंगामात कडक होऊन फाटते, कारण तेच अतिनील त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडते. चांगले प्लास्टिकसुद्धा तापलेल्या लोखंडी पाइपला टेकते तिथून आधी जाते, म्हणून पाइपला पांढरा रंग द्या. गंधकाची फवारणी प्लास्टिकवर उडू देऊ नका, त्यातला स्थिरकारक लवकर संपतो. आणि शेवाळ! ऑगस्टपर्यंत छतावर हिरवी साय धरते, किनाऱ्याजवळ तिच्यावर खारा थर. मऊ फडक्याने साबणपाण्याने पुसून आधी-नंतर मोजलेत तर पुसण्याचा कंटाळा येणार नाही.

काही प्लास्टिक अतिनील पूर्ण अडवणारे असते. त्याखाली पांढरी माशी कमी भटकते हे खरे, पण मधमाश्यांनाही वाट काढायला अतिनील लागते, आणि काळ्या-जांभळ्या वांग्यांचा रंग फिका येतो. काकडी-दोडक्यासारख्या वेलांना ते नको.

सराव द्यायची सुरुवात सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करावी. पहिले तीन दिवस सकाळी नऊपर्यंत उघडे, मग नेट. चौथ्या ते सहाव्या दिवशी अकरापर्यंत. सातव्यापासून तीन दिवस फक्त अकरा ते तीन नेट. पुढचे तीन दिवस बारा ते दोन. तेराव्या-चौदाव्या दिवशी पूर्ण उघडे. पाणी सकाळी लवकर द्या, कारण तहानलेले पान रंध्रे मिटते आणि मिटलेले पान जास्त तापते. मध्येच दोन दिवस पाऊस लागला तर ते दिवस मोजू नका.

भाजलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. तरी ते लगेच तोडू नये. निम्मे जरी हिरवे असले तरी ते काम करते आणि खालच्या पानांना सावली देते. भाजणे आणि रोग यांतला फरक ओळखायची खूण सोपी आहे. एका पानावर दुसरे पान आडवे आले असेल तर भाजलेल्या पानावर त्याचा छाप हिरवा उरतो. लोहाच्या कमतरतेत सगळ्यांत कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या. उजेड कमी पडत असेल तर पेरे लांबतात, रोप एका बाजूला झुकते आणि खालची पाने गळतात.

माड-पोफळीखाली

वाडीत नेटचे काम झाडेच करतात. ७.५ बाय ७.५ मीटरवर लावलेल्या माडांखाली साधारण आठव्या ते पंचविसाव्या वर्षापर्यंत फार थोडा उजेड उतरतो. त्या काळात खाली जायफळ-दालचिनी का वाढत नाही म्हणून खत ओतू नका. आधी पाच वेळा मोजा. त्यानंतर शेंडे उंच जातात आणि उन्हाचे कवडसे फिरू लागतात. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राची 'लाखी बाग' याच फिरत्या उन्हावर उभी आहे: चार माडांच्या मधोमध जायफळ, दोन माडांमध्ये दालचिनी, खोडावर मिरी. मिरीचा वेल माडाच्या उत्तरेच्या अंगाला लावा. डिसेंबरात सूर्य दुपारीसुद्धा दक्षिणेला इतका कललेला असतो की रत्नागिरीत एक मीटरच्या काठीची सावली ८५ सेंटिमीटर उत्तरेकडे पडते. त्या सावलीत कोवळा वेल सुरक्षित राहतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत हीच सावली किंचित दक्षिणेला जाते, पण त्यातला बराच काळ ढगांचा असतो.

पोफळीचे दुखणे पानापेक्षा खोडाचे. तरुण पोफळीचे हिरवे खोड नैर्ऋत्येच्या तिरप्या उन्हात सोनेरी-पिवळे पडते, मग तपकिरी होऊन तडकते, आणि पुढे वाऱ्यात तिथेच मोडते. लागवड करताना ओळी उत्तर-दक्षिण रेषेपासून ३५ अंश पश्चिमेकडे कललेल्या ठेवल्या तर खोडे एकमेकांना झाकतात. बाग आधीच लावलेली असेल तर कडेच्या झाडांना नोव्हेंबरात नैर्ऋत्य बाजूने सुपारीच्या विऱ्या (गळालेल्या पानांचे रुंद बुडखे) किंवा झावळीचे झाप सुंभाने बांधा, आणि पावसाआधी सोडा. ओली विरी खोडाला चिकटून राहिली की आत कुजते.

जुन्या हापूस बागेत उलटा प्रश्न. दहा मीटरवर लावलेली झाडे एकमेकांत घुसली की बाहेरची पाने उन्हाने तृप्त असतात आणि आतली उपाशी. मोहोर मग फक्त घेराच्या कडेला दिसतो. मधली सरळ उभी फांदी काढून झाडाच्या पोटात उजेड सोडावा. दुपारी झाडाखाली जमिनीवर कवडसे पडू लागले की पुरे, त्याहून जास्त कापू नये. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. आणि आतापर्यंत सावलीत राहिलेल्या जाड फांद्यांच्या वरच्या अंगाला चुन्याचा हात फिरवा. पानांसारखाच त्या सालीलाही उन्हाचा सराव नसतो.